फलकाचे तोंड कोणाकडे?

हजला निघालेला माणूस घरोघरी जाऊन माफी मागतो, ही आपल्याकडची जुनी रीत. ‘कहा-सुना माफ करना’ एवढेच शब्द. पण ते उच्चारताना भल्याभल्यांचा गळा दाटून येतो. या रीतीमागे एक कडक हिशेब आहे. अल्लाहचा हक्क चुकवला तर माफ करणारा अल्लाह आहे. बंद्याचा हक्क मारला तर आधी त्या बंद्याच्याच दारात जावे लागते. हुकूकुल-इबाद म्हणतात तो हाच. काब्याभोवती कितीही फेऱ्या घातल्या तरी ही उधारी परस्पर मिटत नाही.

हे आठवायला निमित्त झाले एका छायाचित्राचे. २०१० साली शिकागो शहरात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची वार्षिक प्राइड परेड निघाली. अशा मिरवणुकीच्या कडेला ‘तुम्ही नरकात जाल’ असे फलक धरून काही ख्रिस्ती मंडळी उभी राहतात, हे तिकडे ठरलेलेच. त्या वर्षी त्याच रस्त्यावर ख्रिस्ती लोकांचा आणखी एक गट उभा होता. अंगातल्या शर्टांवर ‘आय अ‍ॅम सॉरी’ असे छापलेले, हातात तशाच मजकुराचे फलक. मिरवणुकीतला एक माणूस, अंगावर केवळ एक पांढरी अंतर्वस्त्रे असलेला, या गटातल्या एका तरुणाला कडकडून मिठी मारतो, असे ते छायाचित्र. ते जगभर फिरले. पुढे २०१८ साली फिलिपीन्समध्ये मनिलाजवळच्या प्राइडमध्येही एका चर्चच्या मंडळींनी असेच माफीचे फलक धरले.

छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा मी हसलो होतो, हे कबूल करतो. मिठी मारणाऱ्याच्या वेशामुळे हसलो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा हसू आले नाही. पण एक प्रश्न मात्र डोक्यात घुसला: या फलकावर माफी आहे, अपराध कुठे आहे?

या उपक्रमामागे अँड्र्यू मारिन नावाचे गृहस्थ होते. कट्टर परंपरेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती. तीन महिन्यांच्या आत त्यांच्या तीन जिवलग मित्रमैत्रिणींनी आपण समलिंगी असल्याचे त्यांना सांगितले आणि हा माणूस मुळापासून हलला. तो थेट शिकागोच्या बॉइजटाउन या समलिंगी वस्तीत जाऊन राहिला. तिथल्या अनुभवांवरचे त्यांचे ‘लव्ह इज अ‍ॅन ओरिएंटेशन’ हे पुस्तक २००९ साली आले. पुस्तकातला माणूस मला आवडला. तो ऐकून घेतो. उपदेशाची घाई करत नाही. आपल्या धर्मबांधवांच्या उर्मटपणाची त्याला मनापासून लाज वाटते. पण ‘समलिंगी संबंध हे पाप आहे का?’ असे कोणी विचारले की तो होय म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. अशा प्रश्नांनी संवाद बंद पडतो, असे त्याचे म्हणणे. पूल बांधणारा माणूस म्हणून ही भूमिका मला समजते; लेखक म्हणून पटत नाही. पूल कोणत्या दोन काठांना जोडतो ते सांगावे लागते. नाहीतर त्याच्यावरून जाणारा माणूस मध्येच उभा राहतो.

तौबाच्या अटी आपल्याला मदरशात पाठ करून घेतात. चूक थांबवणे, पस्तावणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणे. या कसोटीला ‘आय अ‍ॅम सॉरी’ लावून पाहा. पस्तावा आहे, आणि तो खराही असेल. बाकीच्या तीन ठिकाणी जागा कोरी आहे. चर्चमध्ये परतल्यावर त्या मिठी मारणाऱ्याला दारात कोण घेणार, याचे उत्तर शर्टावर मावत नाही. पुस्तकातही ते नाही.

आणखी एक गोष्ट. माफीचा फलक दुखावलेल्याकडे तोंड करून असतो. म्हणजे त्या क्षणी काम त्यालाच लागते. त्याने थांबायचे, वाचायचे, गहिवरायचे, मिठी मारायची. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्यानेच पुन्हा मारणाऱ्याच्या जातभाईला मोकळे करायचे.

आता याच्या शेजारी एक जुना फलक ठेवतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन मॅनफोर्ड नावाच्या शाळामास्तरीण होत्या. मुलगा मॉर्टी समलिंगी, चळवळीतला. एप्रिल १९७२ मध्ये एका समारंभात पत्रके वाटताना त्याला बेदम मारहाण झाली आणि पोलीस बघत राहिले. आईने ‘न्यूयॉर्क पोस्ट’ला पत्र लिहिले. माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझे त्याच्यावर प्रेम आहे, असे त्यात नाव घालून सांगितले. त्या काळात हे लिहिणे म्हणजे शेजारपाजार, नोकरी, नातेवाईक सगळ्यांसमोर उघडे पडणे होते. जूनमध्ये त्या मुलाबरोबर मिरवणुकीत चालल्या. हातात पुठ्ठ्याचा फलक. मजकूर असा: समलिंगी मुलांच्या पालकांनो, आपल्या मुलांच्या पाठीशी एक व्हा.

लोक टाळ्या वाजवू लागले तेव्हा बाईंना वाटले, टाळ्या मागून येणाऱ्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांच्यासाठी आहेत. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे ते घराघरांत माहीत होते. टाळ्या बाईंसाठीच होत्या. वाटेत तरुण मुले-मुली धावत येऊन एकच मागणे मागत होती: माझ्या आईवडिलांशी बोलाल का?

वाचकांनी या फलकाचे तोंड कोणाकडे आहे ते पाहावे. समलिंगी मुलांशी तो बोलतच नाही. तो बोलतो पालकांशी, बाईंच्या स्वतःच्या बिरादरीशी. त्यात ‘सॉरी’ नाही, गहिवर नाही, स्वतःच्या चांगुलपणाचा उल्लेख नाही. क्रियापद आज्ञार्थी आहे. आणि ‘आपल्या’ या एका शब्दात त्या सगळ्या रस्त्यावरची मुले पदराखाली घेतात. मास्तरीणबाईंचे वाक्य आहे ते. फळ्यावर लिहावे तसे. या प्रकारच्या मजकुरात मी याहून चांगले काही वाचलेले नाही.

त्या ‘बोलाल का?’चे उत्तर पुढल्या वर्षी मिळाले. मार्च १९७३ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये अशा पालकांची पहिली बैठक झाली. सुमारे वीस माणसे आली. पीफ्लॅग ही आज अमेरिकाभर पसरलेली पालकांची संघटना तिथून सुरू झाली. मॉर्टी १९९२ साली एड्सने गेला. आई २०१३ पर्यंत जगली. पण मला त्या चर्चचे लक्षात राहते. त्या दिवशी त्याने काय दिले? एक खोली, काही खुर्च्या. ती मिळाली नसती तर बाईंचा फलक एका दिवसाच्या टाळ्यांवर संपला असता.

(धर्म आणि प्राइड यांचे नाते याहूनही जुने आहे. १९७० साली लॉस एंजेलिसची पहिली परेड काढणाऱ्यांत ट्रॉय पेरी हे पाद्री होते. पण ते स्वतः समलिंगी. त्यांना पाठीराखे म्हणणे म्हणजे घरमालकाला पाहुणा म्हणण्यासारखे आहे.)

आपल्या धर्मात काय? बर्लिनला २०१७ साली सेयरान आतेश या तुर्की-कुर्दी वंशाच्या वकीलबाईंनी इब्न रुश्द-गोएथे मशीद उघडली. स्त्री-पुरुष एकत्र नमाज पढतात अशी. इजिप्तच्या दार-उल-इफ्ताने आणि तुर्कस्तानच्या धर्मखात्याने तिचा निषेध केला. बाईंना पोलीस संरक्षणात वावरावे लागले. जुलै २०२२ मध्ये बर्लिनच्या प्राइडच्या निमित्ताने या मशिदीवर सप्तरंगी झेंडा लागला आणि जमलेल्यांच्या छातीवर जर्मन भाषेत ‘प्रेम हलाल आहे’ अशा चिकटपट्ट्या होत्या. धैर्याबद्दल सलाम. मजकुराबद्दल मात्र तक्रार आहे. ‘हलाल’ हा फिक्हचा शब्द आहे, त्यामागे दलील लागते. इथे फतवा आहे, दलील नाही. आणि तो जर्मनांना कळेल अशा भाषेत आहे. नॉयकोल्नमधल्या एखाद्या तुर्की आईला, जिचा मुलगा घर सोडून गेला आहे, त्या चिकटपट्टीने काय सांगितले? पण एक योगायोग नोंदवतो: ही मशीद एका प्रोटेस्टंट चर्चच्या आवारातल्या भाड्याच्या जागेत उघडली. पुन्हा खोलीच.

आपल्यात अशा शब्दांची किंमत वेगळीच मोजावी लागते, हे विसरून मी टीका करीत नाही. परवेझ शर्मा यांच्या ‘अ जिहाद फॉर लव्ह’ (२००७) या माहितीपटात दक्षिण आफ्रिकेचे इमाम मुहसिन हेंड्रिक्स आपल्या लेकरांशी बोलताना दिसतात. १९९६ साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केलेला हा इमाम. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांना गोळ्या घालून मारले.

इकडे मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे मोर्चा निघाला. ३७७ कलम लादल्याबद्दल इंग्रज सरकारने माफी मागावी, ही त्यातली एक मागणी. चांगली मागणी, पण इंग्रज गेल्यावर ते कलम जपले कोणी? दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, ख्रिस्ती संघटना होत्या, ज्योतिषीबुवा होते. सर्वधर्मसमभावाचे इतके सुरेख दर्शन एरवी दुर्मीळच. २०१३ साली ते जिंकले, २०१८ साली निकाल फिरला.

माझे एक वडीलधारे नातेवाईक हजला निघाले तेव्हा मी त्यांच्यासोबत मोहल्ल्यात फिरलो होतो. त्यांनी दूधवाल्याची माफी मागितली. ज्याच्याशी वीस वर्षे बांधाचा दावा चालला त्याची मागितली. त्यांच्या बहिणीचा मुलगा मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने आला होता. ‘तसला’ म्हणून त्याला या घरातून काढले होते. तो बाहेर पायरीजवळ उभा होता. हार घालून मामू बाहेर पडले, त्याच्या बाजूने गेले आणि गाडीत बसले. मी सामान चढवत होतो. मीही काही बोललो नाही.

त्या मुलाच्या हाती फलक द्यावा असे मला वाटत नाही, मामूंच्या हातीही नाही. मामू आता नाहीत. बहीण आहे. तिच्यासारख्या आणखी दोन आया तालुक्यात आहेत, हे मला माहीत आहे. त्यांना एकमेकींचे माहीत नाही. तिघींना बसायला एक खोली लागेल. जमातखान्यातली मागची खोली दुपारी रिकामी असते. चावी माझ्या धाकट्या भावाकडे असते. त्याला मी अजून विचारलेले नाही.