भाजे येथील वाद्यशिल्प आणि विद्यापीठीय संगीतसभा

लोणावळ्याजवळील भाजे लेण्यांतील विहाराच्या भिंतीवर नृत्य करणारी एक स्त्री व समोर ठेवलेल्या वाद्यांवर हातांनी आघात करणारी दुसरी, असे शिल्प आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे दुसरे-पहिले शतक मानला जातो. यावरून ‘तबला दोन हजार वर्षांचा आहे’ असे विधान संगीतविषयक सप्रयोग व्याख्यानांत पुष्कळदा केले जाते. ते तपासून घेणे अवश्य आहे.

शिल्पावरून वाद्याची ठेवण व वादनक्रिया कळते. नाव, नाद आणि बोल कळत नाहीत. नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांवर मातीचा लेप देऊन स्वर साधण्याची रीत सांगितली आहे. भाजे येथील वाद्य त्या वर्गातील असणे संभवनीय आहे. ‘तबला’ हा शब्द मात्र अरबी ‘तब्ल’ पासून आला, आणि तबला-डग्ग्याच्या वादनपरंपरेचा इतिहास अठराव्या शतकातील दिल्लीपासून स्पष्ट होऊ लागतो. शब्दाचे वय हे वस्तूचे वय नव्हे, हे खरे. परंतु आकारसाम्य म्हणजे एकरूपताही नव्हे. शिवाय, या विधानामुळे शाईचा नाद व बोलांची भाषा घडविणाऱ्या वादकांचे कर्तृत्व झाकले जाते.

पुणे विद्यापीठात १९८७ साली स्थापन झालेल्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य व नाट्य एकत्र शिकविले जातात. अशा ठिकाणच्या सभेत वादनाइतकाच पुराव्याचाही विचार व्हावा. पुरातत्त्व व भाषा या विषयांच्या अभ्यासकांना व्यासपीठावर स्थान मिळाल्यास भाजे येथील त्या वादिकेला अधिक न्याय मिळेल, आणि तबल्यालाही.