महार रेजिमेंटचे बोधचिन्ह : स्तंभाकडून खंजिराकडे

लष्करी तुकडीचे बोधचिन्ह ही तिच्या आत्मप्रतिमेची सर्वांत छोटी संहिता होय. महार रेजिमेंटच्या चिन्हाचे या दृष्टीने वाचन केल्यास त्यातील एक बदल विशेष विचारार्ह ठरतो.

'लढाऊ जमाती'च्या सिद्धान्ताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद पाडली. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटणही युद्धानंतर मोडीत निघाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दीर्घ पाठपुरावा होता. या रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे हे स्मारक कंपनी सरकारने उभारले, हे खरे. परंतु त्यावरील मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावे महार शिपायांची आहेत. 'नाक' या प्रत्ययामुळे ती ओळखू येतात. ज्यांची सावलीही निषिद्ध मानली जाई, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे दिलेल्या भेटीचा अर्थ या नावांतच शोधावा लागतो.

१९४६ मध्ये रेजिमेंटला मशिनगन दलाचे स्वरूप आले. बोधचिन्हात तिपाईवरील दोन व्हिकर्स मशिनगन स्तंभावर फुलीसारख्या आल्या. पुढे मात्र स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. वसाहतकालीन खूण पुसली, असे याचे समर्थन करता येईल. पण ते टिकणारे नाही. व्हिकर्स ही तोफ इंग्रजी कारखान्याचीच. रेजिमेंटची मशिनगनची भूमिका संपून ती पायदळ झाली, तरी चिन्हात ही तोफ कायम आहे! रेजिमेंट इतर समाजांना खुली झाल्यामुळे एका समाजाची स्मृती मागे पडली, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. तथापि रेजिमेंटचे नाव आजही 'महार' हेच आहे.

तेव्हा वगळले गेले ते इंग्रजांचे नव्हे, तर शिपायांचे. खंजीर शौर्य सुचवतो, परंतु ते कोणाचे, कोठले, हे सांगत नाही. कोणत्याही पलटणीच्या बिल्ल्यावर तो शोभला असता. स्तंभ दुसरीकडे कोठेच शोभला नसता.