क्लाऊड ही वीज नव्हे

आज आपण एका उपमेची झडती घेणार आहोत. निकोलस कार यांनी २००८ च्या 'द बिग स्विच' या पुस्तकात ती सविस्तर मांडली. कारखाने पूर्वी आपली वीज आपणच तयार करायचे, पुढे ती मध्यवर्ती वीजकेंद्रांकडून घेऊ लागले. संगणनाचंही तसंच होणार, असं त्यांचं म्हणणं.

भाकीत बऱ्याच अंशी खरं ठरलं, हे आधी मान्य करू. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणूक आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांची केंद्रं मुंबईत आली. आज पाच माणसांची कंपनीसुद्धा सर्व्हर विकत न घेता, वापराएवढे पैसे भरून धंदा सुरू करू शकते. ही सोय खोटी नाही.

पण उपमा कुठे तुटते, बघा. विजेला स्मरण नसतं. काल कोणाची वीज वापरली, यावरून आजचा पंखा अडत नाही. डेटा मात्र एका जागी साठत जातो, आणि प्रोग्रॅमही त्याच कंपनीच्या सेवांना धरून लिहिले जातात. २०२४ मध्ये गुगल आणि ॲमेझॉनने, कायमचं सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं. ठीक. पण प्रोग्रॅम नव्याने लिहिण्याचा खर्च कोण माफ करणार?

दुसरं, गेलेली वीज परत आली की घर जसंच्या तसं असतं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती फंडाची गुगल क्लाऊडवरची यंत्रणा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. पाच लाखांहून जास्त सभासदांना जवळपास आठवडाभर खातं उघडता येईना. यंत्रणा पुन्हा उभी करताना कामी आले ते वेगळे ठेवलेले बॅकअप.

तिसरं, आपल्याकडे विजेचा दर नियामक आयोग ठरवतो, त्यावर जनसुनावणी होते. क्लाऊडचं दरपत्रक कंपनीच ठरवते.

मग क्लाऊड नकोच का? असं आम्ही म्हणत नाही. दिवाळीच्या खरेदीसारखं, मध्येच फुगणारं काम भाड्याच्या सर्व्हरवरच परवडतं. पण बारा महिने सारखं चालणारं काम असेल तर हिशेब पुन्हा मांडावा. ड्रॉपबॉक्सने तो मांडला, आणि २०१६ पर्यंत आपला बहुतेक साठा स्वतःच्या यंत्रांवर आणला.

म्हणून करारावर सही करण्याआधी, आत जायला किती लागतं एवढंच विचारू नका. बाहेर पडायला किती दिवस आणि किती पैसे लागतील, तेही लिहून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊया.