जी. ए. कुलकर्णी : दुःखाचे कथन आणि मनाचे आरोग्य

वनपर्वातील एक प्रसंग पुराणश्रवणाची सवय असलेल्या आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. द्यूतात राज्य हरलेला युधिष्ठिर काम्यकवनात बसला आहे; अर्जुन अस्त्रप्राप्तीसाठी इंद्रलोकी गेला आहे आणि भीमाचा संताप आवरत नाही. अशा वेळी बृहदश्व ऋषी येतात. माझ्याहून अधिक दुर्दैवी राजा आपण कोठे पाहिला किंवा ऐकला आहे काय, असे युधिष्ठिर त्यांस विचारतो. ऋषी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत नाहीत, की चांगले दिवस येतील असेही म्हणत नाहीत. ते त्याला नलाची कथा सांगतात. तीही द्यूताचीच, राज्यनाशाचीच आणि वनवासाचीच. शिवाय युधिष्ठिरापाशी भाऊ होते, द्रौपदी होती, ब्राह्मणांचा परिवार होता. नलाच्या अंगावरचे वस्त्रदेखील पक्ष्यांनी उडवून नेले होते. कथा संपल्यावर ऋषी युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवितात आणि निघून जातात.

दुःखी माणसाला दुःखाचीच कथा का सांगावी? ज्या फाशांनी त्याला नागविले त्यांचेच शास्त्र त्याला का द्यावे? कै. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा वाचताना हे प्रश्न आमच्या मनात वारंवार येतात. ‘ह्या कथा वाचून मन उदास होते, मग वाचाव्या कशासाठी?’ ही तक्रार आम्ही पुष्कळ सुबुद्ध वाचकांच्या तोंडून ऐकली आहे. तक्रार प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. कथालेखनाने माणसाचे मन सावरते, जखमा भरून येतात, असे आजकाल बरेच बोलले जाते. त्या बोलण्यातील खरे किती हे पाहावयाचे तर जी. एं.च्या वाङ्मयाइतकी कठोर कसोटी मराठीत दुसरी सापडणार नाही.

त्यांचा जन्म १९२३ सालचा. बालपण बेळगावात गेले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि जवळची माणसे एकामागून एक जात राहिली. पुढे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत आणि मावसबहिणींसह संसार मांडून त्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे काढली. सभासंमेलनांस ते जात नसत आणि मुलाखतींचे त्यांना वावडे होते. त्यांची कथा मुंबई-पुण्यात छापली जाई, परंतु लेखक त्या शहरांत दिसत नसे. १९७३ मध्ये ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघताच त्यांनी तो परत केला आणि पुन्हा लिहावयास बसले. चरित्र म्हणून इतके पुरे. एखाद्या लेखकाच्या घरातील मृत्यू मोजावे आणि मग त्याच्या कथांतील मृत्यूंशी त्यांची बेरीज जुळवावी, ही टीकेची रीत आम्हांस पसंत नाही. आम्ही येथे काय करीत आहोत ते स्पष्ट सांगतो : लेखकाच्या मनात काय झाले याचा दाखला आमच्यापाशी नाही, त्यांच्या पुस्तकांच्या क्रमात जे झाले ते मात्र कोणीही पाहू शकेल.

‘निळा सावळा’ १९५९ मध्ये निघाले. त्यापाठोपाठ ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) आली. ह्या चार संग्रहांतील भूमी आमच्या सीमाभागाची आहे. मराठी बोलताना मध्येच कानडी वळण घेणारी माणसे, पडकी घरे, घरांत झिजून गेलेल्या बायका, कुळाचा ऱ्हास डोळ्यांनी पाहणारे म्हातारे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव-धारवाड मैसूर राज्यात गेले. त्याच वर्षांत एका कानडी विद्यानगरीत बसून हा माणूस अशी मराठी लिहीत होता की पुण्याच्या लेखकांनीही तिचा हेवा करावा. (त्याच धारवाडात मराठी घरातील द. रा. बेंद्रे कानडीचे महाकवी झाले होते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणे म्हणजे केवळ तोटाच, असे समजणाऱ्यांनी ह्या गावाकडे पाहावे.) ह्या आरंभीच्या कथांत दुःख अगदी जवळून, जणू श्वास लागेल इतक्या अंतरावरून लिहिलेले आहे. त्यांतील काही आम्हांस आजही गुदमरवितात. तेथे अजून अक्षहृदय नाही; आहे तो युधिष्ठिराचा प्रश्न.

‘काजळमाया’ (१९७२), ‘रमलखुणा’ (१९७५) आणि ‘पिंगळा वेळ’ (१९७७) ह्या पुस्तकांत मोठा पालट दिसतो. बेळगावाकडची घरे अगदी नाहीशी होत नाहीत, परंतु त्यांच्या शेजारी नाव नसलेली राज्ये, वाळवंटे, राजदरबार आणि मठ उभे राहतात. ‘विदूषक’ दरबारात घडते. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ह्या दोन दीर्घ कथांची भूगोलात जागा नाही. ‘ऑर्फियस’ ग्रीक पुराणातून येते आणि ‘यात्रिक’मध्ये स्पेनचा तो वेडा सरदार डॉन किहोटे पुन्हा वाटेला लागतो. ह्याला काही टीकाकारांनी जीवनापासून पळ काढणे म्हटले. आमचे मत नेमके उलट आहे. घरातील दुःखाला परके नाव, परका वेश आणि परका देश दिल्यावरच त्याच्याकडे पुरते वळून पाहता येते. बृहदश्वाने युधिष्ठिराला युधिष्ठिराचीच कथा सांगितली असती तर तो रडला असता. नलाची सांगितली म्हणून तो ऐकू शकला. येथे सांगणारा आणि ऐकणारा एकच आहे, इतकाच भेद.

‘स्वामी’ ही कथा आम्ही मुद्दाम थोडी विस्ताराने घेतो, कारण देवस्थाने आणि मठ यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध आहे अशा वाचकांस ती टोचण्याचा संभव आहे. परगावी अडकलेल्या एका माणसाला आदराने मठात नेले जाते आणि त्याच आदराने तळघरात स्वामी म्हणून कोंडले जाते. अन्नपाण्याची उणीव नाही. बाहेर पडण्याची वाट मात्र नाही. मठाधिपतीची वाणी शांत आहे, युक्तिवाद बिनतोड आहे आणि तोच सर्वांत भयंकर आहे. ह्या कथेत मठसंस्थेची निंदा आहे असे समजून जो पुस्तक मिटील तो शेवटास मुकेल. कोंडलेल्या माणसाची सुटका होत नाही. त्या कोठडीत एक वेल रुजते, हवेच्या झरोक्यातून वर चढते आणि ज्या उजेडात त्याला जाता येणार नाही त्या उजेडात ती जाते. आपण आत राहणार हे जाणून तो तिला वाढू देतो. कथालेखकाच्या धंद्याचे याहून नेमके चित्र आम्ही कोठे पाहिले नाही. तो मुक्त होत नाही, परंतु त्याच्यापासून काहीतरी मुक्त होते आणि ते पाहताना त्याची दृष्टी स्वतःच्या भिंतींवरून निघून वर लागते. लेखनाने जखम भरते असे म्हणावयाचे असेल तर ते ह्याच, फार मर्यादित अर्थाने म्हणता येईल.

जी. ए. नियतिवादी होते, त्यांच्या जगात देवाची दया नाही आणि कर्मफळाचा न्यायही नाही, हा आक्षेपही येथेच विचारात घेऊ. आमच्या कीर्तनकारांपाशी दुःखाचे कारण असते. पूर्वजन्मीचे का होईना, ते सांगता येते. जी. ए. कारण सांगत नाहीत. श्रद्धावान वाचकाने त्यांचे जग मान्यच करावे असा आमचा आग्रह नाही. परंतु नलोपाख्यानात तरी काय आहे? दमयंतीने देवांना सोडून नलाला वरिले म्हणून कलि चिडला, आणि एके दिवशी नल पाय न धुता संध्येला बसला एवढे छिद्र सापडताच तो त्याच्या देहात शिरला. एवढ्याशा चुकीला केवढी ही शिक्षा! व्यासांनी तेथे न्यायाची तागडी बरोबर करून दाखविलेली नाही. जी. एं.ची कथा परकीय वाङ्मयाच्या संस्काराने झाकोळली असे म्हणणाऱ्यांनी आपली जुनी उपाख्याने एकदा नीट वाचावीत. त्यांतही पुष्कळ काळोख आहे आणि तो आपण पिढ्यान्‌पिढ्या सभामंडपात बसून ऐकत आलो आहोत.

दोष आहेतच. मधल्या काळातील रूपककथांत उपमांची गर्दी कधी कधी इतकी होते की पात्र हलेनासे होते. राजा, भिक्षू, शिकारी, प्रवासी हे सारे एकाच भारदस्त आवाजात बोलतात आणि तो आवाज लेखकाचा असतो. ‘इस्किलार’पेक्षा ‘प्रवासी’ आम्हांस सरस वाटते ते ह्याच कारणाने. आणि ‘कैरी’सारखी साधी कथा, पोरक्या मुलाच्या वाट्याला मावशीकडे आलेल्या थोड्या दिवसांच्या मायेची, ह्या दोहोंपेक्षाही आमच्या मनात अधिक काळ राहिली आहे. तिच्यात एकही राजवाडा नाही.

ह्या सर्व लेखनाच्या जोडीने एक काम त्यांनी निमूटपणे केले आणि त्याकडे टीकाकारांचे लक्ष कमी गेले आहे, ते भाषांतराचे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’, ‘रानातील प्रकाश’ अशा नावांनी मराठीत आणल्या. त्यांतील पहिल्या तीन कादंबऱ्यांत ओहायोच्या घनदाट रानात येऊन झाडे तोडणारे, शेत करणारे, माणसे गमावणारे आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामास लागणारे ते कुटुंब आहे. स्वतःच्या कथेत ज्याला अशी स्थिर, कष्टाळू माणसे क्वचितच सापडली, त्याने ती दुसऱ्याच्या कथेतून वाक्यावाक्याने आपल्या भाषेत उतरवून घ्यावी हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. भाषांतरात प्रतिभेची वाट पाहावी लागत नाही. जात्यावर बसावे आणि दळण दळावे, तसे ते काम आहे. मनाला सावरण्यात अशा नित्यकर्माचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो.

मात्र लेखन म्हणजे हमखास गुणाचे औषध, अशी जाहिरात कोणी करू नये. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. स्वतःला ‘श्याम’ हे नाव देऊन त्यांनी आईचे दुःख साऱ्या महाराष्ट्राच्या हवाली केले. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावले आणि ते खुले झाले. इतके लिहून, इतक्यांना धीर देऊन १९५० मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांची कथा लक्षावधींस पुरली, त्यांना पुरली नाही. याचा दोष त्यांच्या लेखनाकडे जात नाही आणि त्यांच्याकडे तर नाहीच. जी. ए. तगले म्हणून लेखनाने तगले, असे सरळ गणित मांडता येत नाही, एवढेच यावरून कळते. मावसबहिणींचे घर होते, वर्ग होता, पत्रे होती. सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा एक सबंध खंडच प्रसिद्ध झाला आहे. ज्या माणसाला आपण एकांतवासी म्हणतो तो कागदावर किती मोकळेपणाने, किती विनोदाने बोलत असे हे त्यात दिसते.

हा विनोद हीच आमच्या मते खरी खूण. १९८६ मध्ये ‘बखर बिम्मची’ निघाली : बिम्म नावाच्या एका लहान मुलाची, पशुपक्ष्यांशी बोलणाऱ्या कुतूहलाची. ज्यांनी फक्त ‘काजळमाया’ वाचली होती त्यांना लेखकाचे नाव पुन्हा तपासून पाहावेसे वाटले असेल. आणि त्यानंतर आले ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’. तीस वर्षांपूर्वी जे बालपण गुदमरलेल्या घरांच्या कथांत, पात्रांच्या आडून येत होते, ते येथे ‘मी’ म्हणत, हसत हसत येते. शाळामास्तर येतात, विक्षिप्त शेजारी येतात. मृत्यूही येतो, पण तो आता घराचा मालक नसतो, इतरांसारखाच एक येणारा-जाणारा असतो. मधली सारी राज्ये, वाळवंटे आणि मठ ओलांडल्यावाचून हे पुस्तक लिहिता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

छापलेली प्रत पाहण्यास लेखक राहिले नाहीत. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘माणसे’ १९८८ मध्ये बाहेर आले. ज्यांनी जी. ए. अजून वाचलेले नाहीत त्यांनी ह्या पुस्तकापासून आरंभ करावा, मग ‘बखर बिम्मची’ घ्यावी, आणि ‘निळा सावळा’ सर्वांत शेवटी, शक्यतो दिवसाउजेडी.