नट कोठे उभा राहतो?

नाटक पाहून बाहेर पडताना आपण संवादांविषयी बोलतो, नटाच्या आवाजाविषयी बोलतो, नेपथ्याविषयीही दोन शब्द बोलतो. अमुक क्षणी अमुक पात्र नेमके कोठे उभे होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक संहितेत न लिहिलेला बराच अर्थ या उभे राहण्यात असतो. आणि कोठे उभे राहता येईल, हे पुष्कळसे रंगमंचाच्या प्रकारावर अवलंबून असते.

भरताने विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहाचे तीन प्रकार सांगितले. त्यांत ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम गृह त्याने पसंत केले. कारण त्याहून मोठ्या गृहात शब्द अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसत नाही. कक्ष्याविभागाचा त्याचा विचार तर फारच मार्मिक आहे. रंगपीठावर आधी आलेली पात्रे घराच्या आत आणि मागून येणारी बाहेर, असे मानावे; एक फेरी घातली की स्थळ बदलले, असे समजावे. भिंत नाही, दार नाही. नटाची जागा हेच नेपथ्य.

हा संकेत आपल्याला परका नाही. देवळातील कीर्तनात तिन्ही बाजूंस श्रोते असतात, मागे साथीदार. कुशल बुवा दोन पावले पुढे येऊन निरूपण करतात आणि किंचित वळून आख्यानातील पात्र होतात. तमाशाची जातकुळीही हीच.

एकोणिसाव्या शतकात कमानी रंगमंच आला आणि प्रेक्षक एकाच बाजूस बसला. प्रेक्षकांकडे पाठ करू नये, हा नियम नटाच्या अंगवळणी पडला. संगीत नाटकातील गायक नट पदासाठी पुढे येई, यालाही कारण होते. ध्वनिवर्धक नसताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा होता. पुढे गरज संपली, सवय उरली.

ती सवय मोडूनच 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले. १९७२ साली पुण्यात डॉ. जब्बार पटेल यांनी तेंडुलकरांचे हे नाटक बसविले, ते कमानी रंगमंचावरच. परंतु ब्राह्मणांची रांग प्रेक्षकांकडे पाठ करते आणि तिची भिंत होते; मागचे कारस्थान ती झाकते आणि हवे तेव्हा उघडे करते. नटाची पाठही बोलू शकते, हे या प्रयोगाने दाखविले. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने नट आणि प्रेक्षक यांतील अंतरच कमी केले. तेथे पुढे येऊन बोलण्याचे प्रयोजनच उरले नाही.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ची (१९८५) कसोटी निराळी. वाड्यात राहिलेले आत आहेत. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून आलेले सुधीर आणि अंजली घरचेच असून बाहेरचे. आधी आलेला आत, मागून आलेला बाहेर, हा भरताचा संकेत येथे वेदना होऊन येतो. अंजली उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहते की पलीकडे, यावर सारे नाते दिसते. रात्री वहिनी सारे दागिने अंगावर घालते, तो प्रसंग घराच्या आतल्या काळोखातच शोभतो. ओसरी, माजघर आणि तेथे कोणी कोठवर यावे याची रीत ज्यांच्या घराण्यांनी सांभाळली, त्या इंदूरकर मराठी रसिकांना हे समजावून सांगायला नको.

म्हणूनच मध्यंतरी पाहिलेला एक कौटुंबिक नाटकाचा प्रयोग मनाला लागला. मंडळीचे नाव घेण्याचे कारण नाही. सासू, सून, मुलगा, पाहुणा, सारे माईकच्या रेषेत पुढे येऊन बोलत होते. मागचे सुबक माजघर रिकामेच राहिले. मुलगा घर सोडून निघाला, तो जेथून पाहुणा आला होता तेथूनच. पण जाताना कोणाच्याही जवळून गेला नाही. शब्द सर्व ऐकू आले, घर मात्र दिसले नाही.

आपले रवींद्र नाट्यगृहही कमानी रंगमंचाचेच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. 'घाशीराम'ही त्याच चौकटीत घडले. चौकट फक्त मर्यादा सांगते, जागा दिग्दर्शकाने शोधायची असते. पुढच्या नाटकाला जाल तेव्हा क्षणभर संवाद बाजूला ठेवून पात्रांमधील अंतर पाहावे. नाटक खरोखर बसविले आहे की केवळ पाठ केले आहे, ते तेवढ्यावरून कळेल.