एक कंठ, अनेक भाषा : शांता आपटे यांच्या वाचिक अभिनयाचा विचार

भारतीय बोलपटाचा आरंभ १९३१ मध्ये झाला आणि मूकपटांच्या काळी न उद्भवलेला भाषेचा प्रश्न निर्मात्यांपुढे एकाएकी उभा राहिला. कोल्हापूरच्या आणि पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने त्यावर काढलेला मार्ग सर्वज्ञात आहे. एकच कथा, बहुतांशी तोच नटसंच, तेच नेपथ्य आणि दोन भाषांतील दोन स्वतंत्र चित्रीकरणे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून ही पद्धत रूढ झाली. अशा द्विभाषिक चित्रपटांविषयी लिहिताना समीक्षक सामान्यतः मराठी आवृत्ती ‘मूळ’ आणि हिंदी आवृत्ती ‘रूपांतरित’ मानून मोकळे होतात. संहितेपुरते हे ठीक असेलही. परंतु तोच प्रसंग एकदा मराठीत आणि पुन्हा हिंदीत जिला उभा करावा लागे, त्या नटीच्या कंठात मूळ कोणते आणि अनुवाद कोणता, हा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. शांता आपटे (१९१६–१९६४) यांची कारकीर्द हा प्रश्न टाळू देत नाही.

भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) मधून पडद्यावर आलेल्या शांता आपटे गायिका-नटी होत्या. पार्श्वगायनाची सुरुवात १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये झाली असली, तरी त्या दशकात नटीचा बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज एकच असणे हाच प्रघात होता. भरताने नाट्यशास्त्रात वाणीला नाट्याचा देह म्हटले आहे आणि कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे विधानही केले आहे. उत्तम पुरुषाला संस्कृत, तर स्त्रियांना बहुधा प्राकृत. म्हणजे भारतीय रंगभूमीला बहुभाषिकता नवी नव्हती. मात्र तेथे भाषा पात्रांमध्ये वाटलेली होती. बोलपटाने अनेक भाषांचा भार एकाच पात्राच्या एकाच कंठावर टाकला.

‘अमृतमंथन’ (१९३४) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. पण या दृष्टीने निर्णायक कृती म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) आणि तिची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. दोहोंचा आधार नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. ही तीन शीर्षके शेजारी ठेवली तरी तौलनिक अभ्यासकाला बरेच काही गवसते. कादंबरीचे शीर्षक अस्वीकाराचे आहे. न पटणारी, पण कोणाला, हे ते सांगत नाही. मराठी चित्रपटाने ती क्रिया बाजूला सारून एक चिन्ह उचलले. कुंकू म्हटले की मराठी प्रेक्षकाला सौभाग्य आणि सक्ती यांचे नाते वेगळे उलगडून सांगावे लागत नाही. हिंदीत ‘सिंदूर’ हा शब्द उपलब्ध होता, तरी तो घेतला गेला नाही. हिंदी शीर्षक पुन्हा अस्वीकाराकडे वळते आणि आता न मानणारा कोण, हेही सांगते : दुनिया. भाषांतर येथे कादंबरीकडे परत गेले आहे, आणि ‘मूळ’ मानली गेलेली मराठी आवृत्तीच कादंबरीपासून अधिक दूर आहे. मूळ-अनुवाद ही उतरंड शीर्षकापाशीच ढासळते.

वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण मुलगी त्याला पती मानण्यास नकार देते, ही कथा. केशवराव दाते यांचे काकासाहेब आणि शांता आपटे यांची नीरा यांच्या संघर्षाला पार्श्वसंगीताची साथ नाही. प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच चित्रपट तोलला आहे आणि काकासाहेबांचे घड्याळ हा त्यांतील सर्वांत बोलका ध्वनी. घड्याळाचे ठोके मराठीत पडतात तसेच हिंदीतही पडतात; त्यांना अनुवाद लागत नाही. वाद्यमेळाचा आडोसा नसल्यामुळे भाषाबदलाचा सगळा ताण उरतो तो संवादांवर आणि गायनावर. नीराचा नकार हा शब्दांतून आणि शब्दांच्या आघातांतून व्यक्त होणारा नकार आहे. घरातल्या बोलीत धनी झालेल्या पुरुषाला ‘नाही’ म्हणणे आणि शिकून घेतलेल्या भाषेत तेच म्हणणे, या दोन भिन्न कृती होत. दोन्ही आवृत्त्यांत तो नकार सारख्याच धारेचा वाटतो, हे यश अभिनेत्रीचे आहे, संवादलेखकाचे नव्हे.

त्यात पुन्हा लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता शांता आपटे यांच्याच आवाजात येते. संगीत केशवराव भोळे यांचे. परक्या भाषेतील हे गीत कथेत परकेच राहू दिले आहे. त्याचा अनुवाद करण्याचा मोह कोणाला झाला नाही. स्वतःच्या भाषेत संसाराची जी परिभाषा उपलब्ध आहे ती नीराला पुरत नाही, म्हणून ती शाळेतल्या इंग्रजीकडे जाते, असे याचे आकलन करता येते. वसाहतकालीन शिक्षणाने दिलेली भाषा येथे प्रतिष्ठेचे लेणे न राहता एका कोंडलेल्या स्त्रीचा श्वास होते. या गीताकडे केवळ नावीन्य म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने त्याच्यावर अन्याय केला आहे.

यानंतरची तीन वर्षे एकत्र वाचली पाहिजेत. १९३९ मध्ये करार आणि वेतन यांविषयीच्या वादातून शांता आपटे यांनी प्रभातच्या पुण्यातील स्टुडिओच्या दारात उपोषण केले. १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ मध्ये त्या तमिळ ‘सावित्री’त नायिका म्हणून झळकल्या. चरित्रात्मक लेखनात या तीन घटना अनुक्रमे मानी स्वभाव, हौशी लेखन आणि अष्टपैलुत्व अशा तीन वेगळ्या कप्प्यांत जातात. मात्र ‘जाऊ मी सिनेमात?’ मध्ये चित्रपटव्यवसायाचा विचार भांडवल, मोबदला आणि कलावंताचे झिजणारे शरीर यांच्या संदर्भात केलेला आहे. देबश्री मुखर्जी यांनी ‘बॉम्बे हसल’ (२०२०) या ग्रंथात हे पुस्तक आणि ते उपोषण चित्रपटश्रमाच्या इतिहासात आणून ठेवले, ही महत्त्वाची गोष्ट होय. त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकता येते. बहुभाषिकता हाही श्रमच आहे. दुसऱ्या भाषेत बोलणे म्हणजे जीभ, टाळू, श्वास आणि स्मृती यांना पुन्हा कामाला जुंपणे. त्याला ‘देणगी’ म्हटले की त्याची मजुरी कोणी मागत नाही.

तमिळ ‘सावित्री’चे दिग्दर्शक वाय. व्ही. राव यांनीच सत्यवानाची भूमिका केली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची भूमिका स्वीकारली ती ‘कल्कि’ या नव्या नियतकालिकासाठी निधी उभारण्याच्या हेतूने, हे प्रसिद्ध आहे. शांता आपटे यांनी या चित्रपटासाठी तमिळ शिकून संवाद आणि गाणी स्वतः म्हटली, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. या निवडीत एक विलक्षण औचित्य आहे. महाभारताच्या वनपर्वातील सावित्री शस्त्राने किंवा शापाने जिंकत नाही. ती यमामागून चालत राहते, बोलत राहते आणि वरदानाच्या शब्दांतच त्याला बांधून घेते. भारतीय परंपरेतील ही बहुधा सर्वांत निर्भेळ भाषिक विजयाची कथा, आणि ती साकारायला आली ती नटी ज्या भाषेत जिंकायचे ती नुकतीच शिकत होती! शेजारी सुब्बुलक्ष्मी होत्या. तमिळ ही त्यांची घरची भाषा आणि कर्नाटक संगीत हे त्यांचे घरचेच संगीत. हिंदुस्थानी वळणाचा गळा आणि कर्नाटक वळणाचा गळा एकाच पुराणकथेत समोरासमोर आले. अशा ठिकाणी उच्चार ‘शुद्ध’ होता की नाही, एवढीच चौकशी करणे म्हणजे परीक्षकाची खुर्ची सोडण्यास नकार देणे होय. परकेपणाची किंचित छटा उरली असेल, तर यमाशी वाद घालणाऱ्या मर्त्य स्त्रीच्या भूमिकेला ती मारक ठरत नाही.

हा मार्ग लवकरच बंद झाला. ए. व्ही. मेय्यप्पन यांनी कन्नड ‘हरिश्चंद्र’ १९४४ मध्ये डबिंगद्वारे तमिळमध्ये आणला. नटीने नवी भाषा शिकण्याऐवजी त्या भाषेतला आवाज तिच्या ओठांवर बसवता येतो, हे सिद्ध झाले. पुढील दशकांत दक्षिणेत या विभाजनाने निराळ्याच प्रकारच्या बहुभाषिक अभिनेत्री घडवल्या. ‘मरो चरित्र’ (१९७८) मधून पुढे आलेल्या सरिता किंवा मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’ (१९९५) मध्ये मनीषा कोईराला यांना तमिळ आवाज देणाऱ्या रोहिणी यांनी स्वतः भूमिका केल्या आणि इतर नायिकांना आपला आवाजही दिला. शांता आपटे यांच्या बाबतीत एक देह अनेक भाषांकडे जातो. येथे एक आवाज अनेक देहांकडे. श्रेयनामावलीत मात्र देहाचे नाव आधी येते.

शांता आपटे यांच्या स्वतःच्या वाटचालीतही या बदलाची चाहूल ऐकू येते. १९४२ मध्ये लाहोरच्या पांचोलींचा ‘जमींदार’ आणि देवकी बोस यांचा ‘अपना घर’ असा त्यांचा प्रवास चालू होता. १९४६ मध्ये मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’त, वसंत देसाई यांच्या संगीतात, त्यांनी लता मंगेशकर यांच्यासह एक युगुलगीत गायिले. एक आवाज अजून आपल्याच देहासह पडद्यावर उभा होता. दुसरा पुढील काही वर्षांतच अनेकींचा होणार होता.