पुष्पवृष्टीत हरवलेले चित्र

अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक निघाली, की अनेक वाहिन्या ती थेट दाखवतात. मंडपातल्या दर्शनाचे प्रक्षेपण आम्हाला नेहमीच चांगले वाटते. मिरवणुकीचे मात्र नाही. श्रॉफ बिल्डिंगपाशी पुष्पवृष्टी सुरू होते आणि ज्या क्षणासाठी आपण बसलेलो असतो, नेमके तेव्हाच चित्राचे चौकोन चौकोन होतात. घरोघरी दोष 'नेट'ला दिला जातो. तो सगळा नेटचा नाही.

साधा हिशेब करू. 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकाला 24 बिट, सेकंदाला 25 चित्रे: झाले सुमारे 124 कोटी बिट. वाट मिळते ती, समजा, 50 लाखांची. म्हणजे 250 बिटांमागे जेमतेम एक पाठवायचा! हे जमते, कारण मागच्या चित्रावरून पुढचे बरेचसे ओळखता येते. मंडपात मूर्ती स्थिर, मखर स्थिर. सरकतात ती समोरची डोकी. जे आधीच ओळखता येते त्यात माहिती थोडी, हे क्लॉड शॅनन यांच्या 1948 सालच्या सिद्धांताचे एक सार. पाकळी मात्र आपल्या मर्जीने गिरक्या घेत पडते. ती ओळखता येत नाही, म्हणून महाग. बिट अपुरे पडले, की प्रत्येक चौकोनातले बारकावे आधी टाकले जातात. बारकावे वेगळे काढण्याची ही युक्ती (कोसाइन रूपांतर) 1974 मध्ये नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी मांडली. नासिर अहमद मूळचे बंगळूरचे, हे वर्गात जरूर सांगावे.

शॅनन यांच्या मापाला अर्थ कळत नाही. त्याच्या लेखी राजाचा चेहरा स्वस्त आणि पाकळी मोलाची. पण दिग्दर्शकाला तर अर्थ कळतो ना? तो याच वेळी दर दोन सेकंदांनी कॅमेरा बदलतो. प्रत्येक बदलाला चित्र नव्याने पाठवावे लागते. खाली धावती जाहिरात, कोपऱ्यात निवेदकाची चौकट. सगळे त्याच 50 लाखांतून! चेहऱ्याच्या भागासाठी जास्त बिट राखून ठेवता येतात, पण तसे केल्याचे पडद्यावर तरी दिसत नाही. हा आम्हाला तंत्राचा नव्हे, अभिरुचीचा दोष वाटतो. (ताशाचेही तेच. संकेतन कंजूष असले, तर काडी पडण्याच्या क्षणभर आधीच खरखर ऐकू येते.)

गिरगाव चौपाटीवर लाटाही पाकळ्यांइतक्याच बेभरवशाच्या. तिथली दुरून, स्थिर कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये मात्र पुष्कळ बरी दिसतात: पाणी थोडे पुसट, मूर्ती ठळक.